चौदा लिटरचा शब्द

३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी
आजपासून रोजनिशी लिहायची. कारण आज नोंद करण्यासारखं काहीतरी घडलं.
सकाळी सहज स्कूटर काढून गावाबाहेर गेलो. (घरात पडदे धुवायला काढले होते, म्हणून सहज.) रस्त्याच्या कडेला खडूने लिहिलेली पाटी दिसली : ताजं दूध. आत वळलो. छोटं घर, मागे गोठा, तीन गाई. घरात एक आजोबा आणि त्यांची सून. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा येतो. सुनेने मला खुर्ची आणून दिली, पुसून. मग पेलाभर दूध दिलं. असं दूध मी लहानपणानंतर प्यायलो नव्हतो. लहानपणी प्यायलो होतो का, तेही आठवत नाही.
त्यांची अडचण अशी. दूध गोळा करणारी गाडी या रस्त्याला यायची बंद झाली आहे. सकाळचं चौदा लिटर दूध पडून राहतं. एक गाय विकावी असं घरात चाललंय. आजोबांनी मला विचारलं, साहेब, तुम्हाला काय वाटतं?
मला काय वाटतं हे कोणी विचारून किती वर्षं झाली, मोजत बसलो नाही. म्हटलं, गाय विकायची नाही. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत. चौदा लिटर म्हणजे काहीच नाही. उद्यापासून सगळं मी नेतो.
सून म्हणाली, आधी सगळ्यांना विचारून तरी बघा. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय?

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. तिने एकच प्रश्न केला : सोळापैकी किती जणांशी आपलं बोलणं आहे? प्रश्न गैरलागू. माणसं दूध पितात, बोलणं नव्हे.

४ फेब्रुवारी, सोमवार
पहाटे पाचला उठलो. स्कूटरच्या दोन बाजूंना दोन कॅन, मध्ये मी. इमारतीला लिफ्ट नाही. मी लिफ्टच्या कंपनीत कामाला आहे हे सगळ्यांना माहीत असल्याने जिन्यात भेटलं की लोक हसतात. आता दुधामुळे इज्जत वाढेल.
सहा घरांनी घेतलं. बाकीचे 'बघू' म्हणाले. बघू म्हणजे होच. उरलेलं आठ लिटर घरी आणलं. बायकोने विचारलं, याचं काय करू? म्हटलं, ही नुसती सुरुवात आहे. ती म्हणाली, तीच तर भीती आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार
सहाचे चार झाले. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंचं दूध दोनदा उतू गेलं. शेगडीपाशी उभं राहायला त्यांना वेळ नाही म्हणे. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, गाईचा वास येतो. गाईच्या दुधाला कशाचा वास यायला हवा?
लोकांना चांगल्या गोष्टीची सवय लावावी लागते. मार्चअखेर सोळाच्या सोळा. लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
आज गोठ्यात सुनेने विचारलं, लोकांना आवडतंय का, भाऊ? आजोबा समोर बसले होते, कान देऊन. दोनच घरं उरली आहेत हे सांगायचं मी ठरवूनच गेलो होतो. पण सकाळी साडेपाचला, त्यांनी खुर्ची दिल्यावर, असं कसं सांगणार? म्हटलं, लोक नाव काढतात. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत. अंथरुणाला खिळलेल्या. अन्नावर वासनाच नव्हती. तुमचं दूध कपभर घेतात आता.
हे तोंडातून कसं गेलं कळलं नाही. आजोबा उठले, गाईच्या पाठीवरून हात फिरवून आले आणि परत बसले.
अशा आजी कुठे ना कुठे असणारच. त्यामुळे अगदी खोटं म्हणता येणार नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार
सध्या एकच गिऱ्हाईक. वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर, अर्धा लिटर. आज कळलं की ते मांजरासाठी घेतात. हरकत नाही. मांजर चोखंदळ असतं, ही एक प्रकारे पावतीच.
फ्रिज भरला. दही लावलं. मागच्या दह्याला जागा नव्हती म्हणून ते मी खाल्लं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसला सहा लिटर नेलं. कल्पना उत्तम. अख्ख्या तक्रार विभागाला खऱ्या दुधाचा चहा. आमच्या विभागात आम्ही नऊजण दिवसभर फोन घेतो. लिफ्ट बंद पडली की लोक ओरडतात आणि आपण सांगायचं, माणूस निघालाय. माणूस निघालेला नसतो. पण ऐकणाऱ्याला धीर येतो. बावीस वर्षं हे काम करतोय, धीर देण्यात माझा हात कोणी धरणार नाही.
ऑफिसच्या लिफ्टमध्ये झाकण जरा सैल झालं आणि थोडं दूध दाराच्या फटीत सांडलं. पुसलं. दिसेल तेवढं.

१ मार्च, शुक्रवार
सांडलेलं दूध आठवडाभरात फटीत घट्ट होतं, हे मला माहीत नव्हतं. दार अडकलं. आत मॅनेजर, चाळीस मिनिटं. त्यांनी लिफ्टमधून तक्रारीचा नंबर लावला, फोन माझ्याच टेबलावर वाजला. मी सवयीने म्हणालो, माणूस निघालाय, साहेब. त्यांनी विचारलं, कुठून निघालाय?
लेखी ताकीद मिळाली. ऑफिसात दूध बंद. पावडर चालते.

१० मार्च, रविवार
आज नक्की सांगायचं. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं : आजोबा, माझा अंदाज चुकला.
गेलो. सुनेनेच आधी विचारलं, भाऊ, दूध कमी तर पडत नाही ना कोणाला? मी म्हटलं, कमी? रांग लागली आहे. तिचा जीव भांड्यात पडावा एवढाच हेतू होता. आजोबा आणि ती एकमेकांकडे बघत राहिले. मला भरून आलं.

१४ मार्च, गुरुवार
गोठ्यात चौथी गाय.
आजोबांनी हाताला धरून नेलं, दाखवली. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. म्हणाले, तुमच्या शब्दावर आणली. आता सकाळचं वीस लिटर निघतं. मी गाईला थोपटलं. ती माझ्याकडे बघत होती. काय समजायचं ते समजल्यासारखी.
तिसरा कॅन पायाशी ठेवावा लागतो. गुडघे फाकवून स्कूटर चालवतो.

२३ मार्च, शनिवार
घरातली दह्याची भांडी : पातेली सगळी, बरण्या सगळ्या, थर्मास, फुलदाणी. लेकीने आज कॉलेजला निघताना शांतपणे विचारलं, बाबा, पाणी प्यायला एखादा ग्लास शिल्लक आहे का? मुलांना त्याग कळत नाही.
व्हिडिओ बघून चीज करायला घेतलं. फडकी संपली होती म्हणून स्वच्छ धुतलेल्या बनियनमध्ये बांधून नळाला टांगलं. बायकोने बनियनसकट फेकून दिलं. मी विचारलं, चव तरी बघितलीस का?
मास्तरांचं मांजर दूध प्यायचं थांबलंय. मास्तर म्हणाले, उन्हामुळे असेल.

३० मार्च, शनिवार. पहाटे ६.२०
आज पहिल्यांदा ओतलं. सिंकमध्ये. दुसरा इलाजच नव्हता. फ्रिजचं दार लागत नव्हतं, बाल्कनीतल्या कुंड्यांना गेल्या आठवड्यात घातलं होतं तर झाडं वाळली. नळ सोडून ठेवला, म्हणजे आवाज ऐकू जाऊ नये. पांढरं वर्तुळ फिरत फिरत खाली गेलं. वेळ लागतो. सोळा लिटर जायला खूप वेळ लागतो.
हे एकदाच. सोमवारपासून नवीन योजना.

५ एप्रिल, शुक्रवार
एकदाच म्हटलं होतं. रोज ओततो.
बायको आज उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे. तिला वाटत होतं की निदान दहा घरं तरी घेतात. मी तसंच सांगितलं होतं, पैसे तेच देतात म्हणून. आता तिला कळलं की माझ्या पगाराचा ओघ कुठे वाहतोय. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आज जाऊन सांग त्यांना." म्हटलं, परवा रविवारी सांगतो, निवांत. तिने लेकीच्या खोलीत अंथरूण नेलं.

७ एप्रिल, रविवार
सांगायला गेलो, पण वेळ योग्य नव्हती. अंगणात टेम्पो उभा. नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाई आल्या होत्या, आजोबांशी हळू आवाजात बोलत होत्या. मला बघून सगळे गप्प झाले. बाई गेल्यावर कळलं, त्यांना सकाळचं सगळं दूध हवं होतं. रोज. टेम्पो त्यांचा. मी ताबडतोब ओळखलं : ही माणसं घाबरली आहेत, की मी रागावेन. मी उभा राहून म्हणालो, काळजी करू नका. आमची सोळा घरं तुम्हाला कधी सोडणार नाहीत. आजी तर रोज वाट बघतात.
आजोबा बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, नाही म्हणून सांगतो त्यांना.
त्यांना किती हायसं वाटलं असेल.

१३ एप्रिल, शनिवार
तळमजल्यावरच्या मोरीतून पांढरं पाणी वर आलं. वास असा की दंतवैद्यबाई मास्क लावून हिंडतात. प्लंबरने नळी खरवडून बादलीभर घट्ट काहीतरी काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. प्लंबर म्हणाला, वीस वर्षांत असं पाहिलं नाही.
सभा झाली. चौकशी समिती नेमायचं ठरलं. कोणी पुढे येईना, म्हणून मी अध्यक्ष झालो. पेचप्रसंगात माणसाने पुढे यावं.

१६ एप्रिल, मंगळवार
समितीची बैठक. मी आणि मास्तर. मास्तरांनी इमारतीच्या नळ्यांचा नकाशा काढला, उतार मोजला, आणि बोट आमच्या स्वयंपाकघरावर ठेवलं. मी म्हटलं, पुरावा अपुरा आहे. मास्तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग नकाशाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, अहवाल सावकाश द्या. चांगला माणूस.
उद्यापासून सिंकमध्ये नाही. परतीच्या वाटेवर ओढा लागतो.

२१ एप्रिल, रविवार
सुनेने आजींसाठी लोण्याची वाटी दिली. घरचं, आज काढलेलं, त्यावर स्वच्छ झाकण. म्हणाली, जिभेवर ठेवा म्हणावं, गिळायला त्रास होणार नाही. तिची स्वतःची आजी अशीच खिळून होती, तेव्हा लोणीच जायचं पोटात.
वाटेत स्कूटर थांबवली. वाटी हातात घेऊन बसलो. टाकवेना. घरी नेली असती तर बायकोने विचारलं असतं. शेवटी बोटाने खाल्लं, सगळं. फार चांगलं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रस्त्यावर धूळ आहे.
मग ओढ्यावर गेलो आणि कॅन रिकामे केले. पाणी बरंच पुढेपर्यंत पांढरं दिसत होतं.

२८ एप्रिल, रविवार
उजवा खांदा वर होत नाही. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. मी आभार मानले.
बायको आता फक्त कामापुरतं बोलते. काम फारसं नाही. लेक काल म्हणाली, बाबा, तुम्ही त्यांना घाबरता का? म्हटलं, त्यांना कशाला घाबरू? फार साधी माणसं आहेत. ती म्हणाली, म्हणूनच विचारलं.
हिशेब मांडला तर सोपा आहे. मी खरं बोललो की चौथी गाय विकली जाणार, आणि दोष माझा. नाही बोललो तर गाय राहते. म्हणजे मी रोज एक गाय वाचवतो आहे. फार थोड्या लोकांना असं म्हणता येईल.
तरी सांगायचं. पाच मेच्या आत. ही शेवटची तारीख.

५ मे, रविवार. सकाळी
आज सांगायचंच होतं. त्यासाठी दाढी करत होतो. दारावर टकटक झाली तेव्हा अर्ध्या गालाला साबण होता.
आजोबा आणि सून. आजोबा चार मजले चढून आले होते, कठड्याला धरून उभे. सुनेच्या हातात लोण्याची वाटी. म्हणाली, आम्ही आधी खालपासूनच विचारणार होतो, पण वाटलं, तुम्हाला सोबत घ्यावं. वसतिगृहाच्या बाई पुन्हा आल्या होत्या. मुली पन्नास, त्यांना दूध पुरत नाही. वर्षभराचं बोलणं होईल, भावही जास्त. चार गाईंचा चारा आता झेपत नाही, चौथीच्या वेळी हातातली शिल्लकही गेली. तरी सोळा घरांना न विचारता बंद करणं बरं नाही. म्हणून प्रत्येकाच्या दारात जाऊन, हात जोडून, परवानगी मागायची. निरोप धाडणं म्हणजे अपमान झाला असता.
मी म्हटलं, मी सांगतो सगळ्यांना. ती म्हणाली, "नाही भाऊ. तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत. हे आमचं आम्हीच करू."
आजोबांना बसवलं आणि ती खाली उतरली. मी मागोमाग. साबण तसाच.
पहिल्या मजल्यावर दंतवैद्यबाई म्हणाल्या, दूध? ते आम्ही फेब्रुवारीतच बंद केलं. सून म्हणाली, असू दे. समोरच्यांनी कधी घेतलंच नव्हतं. तिसऱ्या दाराला ती माझ्याकडे वळून बघायला लागली. मग दुसऱ्या मजल्यावर आली आणि विचारलं, आजी कुठल्या दारात? मी कुठल्या तरी दाराकडे बोट दाखवलं.
दार एका तरुणाने उघडलं. हाफ पँट, हातात टूथब्रश. आजी? इथे मी एकटाच राहतो, तो म्हणाला.
सुनेच्या हातातली वाटी खाली आली. तिने हळू आवाजात मला विचारलं, "कधी गेल्या?"
तिचे डोळे भरले होते. एका शब्दाचं काम होतं. 'काल' म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं, तिनेच मला धीर दिला असता. तोंड उघडलंही. जिन्यात तरुण, टूथब्रश, ती, वाटी.
"आजी नव्हत्याच," मी म्हणालो.
तिला कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. कोणीच नव्हतं. मार्चपासून एकही घर नाही. मांजर सोडून.

त्याच दिवशी, दुपारी
पुढचं लिहून ठेवतो. लिहायला नको वाटतंय, म्हणून लिहितो.
स्वयंपाकघरात चौघे बसलो. बायकोने चहा केला. सून पेल्याला हात न लावता म्हणाली की बाई एप्रिलपासून मागे लागल्या होत्या. एक महिना. घरात भांडणं झाली, नवरा ट्रकवरून फोनवर ओरडला, पण आजोबांनी ऐकलं नाही. म्हणाले, एक बाई आपल्या दुधावर जगते आहे. "आम्ही तुमच्यासाठी अडून राहिलो, भाऊ."
मी म्हटलं, मीही तुमच्यासाठीच.
मग आजोबांनी विचारलं, एवढं दूध रोज नेत होता, त्याचं केलं काय?
मी काहीतरी सांगायला लागलो. बायकोने सिंककडे बोट दाखवलं.
आजोबा उठले. सिंकपाशी जाऊन उभे राहिले, आत बघत. खोटं बोललो त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नसावं, त्यांनी ते मान हलवून सोडून दिलं असतं. पण तिथून ते हलेनात. जाळीवर एक बोट ठेवलं आणि काढलं. म्हणाले, "वासरांना पोटभर देत नव्हतो. तुम्हाला कमी पडू नये म्हणून."
चहा तसाच ठेवून दोघं गेली. लोण्याची वाटी सुनेने बायकोच्या हातात दिली. बायको त्यांच्याबरोबर खालपर्यंत गेली, आजोबांचा हात धरून. मी कठड्यावरून बघत होतो. खाली फाटकापाशी त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. वर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली ती? बायको म्हणाली, तोंड धुऊन घे, साबण वाळलाय.

६ मे, सोमवार. सकाळी ७.१०
दूध आणायचं नव्हतं तरी पाचला जाग आली. विचार केला, वसतिगृहाचा आज पहिला दिवस. नवीन व्यवस्था, त्यांना सवय नाही. अनुभवी माणूस शेजारी असलेला बरा. शिवाय नीट माफी मागायची होती, आणि ती चांगली तयार झाली होती, वाटेत दोनदा म्हणून पाहिली.
पोचलो तेव्हा टेम्पोत कॅन चढत होते. आजोबा मोजत होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी उभा राहिलो. सून कॅन उचलून आली, मी दिसल्यावर थांबली. मला वाटलं, आता.
ती म्हणाली, "भाऊ, स्कूटर जरा बाजूला घेता का? टेम्पो निघायचाय."
घेतली.